सीएसआर मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून संस्थांनी सांभाळून रहा

आमची संस्था बीड जिल्ह्यातली आहे, ऊसतोड कामगारांच्या पोरांना ठेवून घेते. दिवाळीनंतर आईबाप मुकादमाबरोबर कारखान्यावर जातात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात कोणी कर्नाटकात, आणि पोरं इथं राहून शाळा करतात. किराणा, गॅस, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार सगळं देणगीवर चालतं. मी हिशोबाचं बघते. त्यामुळे हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर कोणी "तुमचा चाळीस लाखाचा सीएसआर (म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर खर्च करायचा पैसा) मंजूर झालाय" असं म्हणलं की ऑफिसात काय वातावरण होतं ते संस्था चालवणाऱ्यांना सांगायला नको.

फोन करणाऱ्याला आमचं सगळं माहीत होतं. नोंदणी क्रमांक, अध्यक्षांचं नाव, 12ए 80जी (इन्कम टॅक्सच्या सवलतीची नोंदणी) आहे, सीएसआर-1 (कंपन्यांचा सीएसआर घेण्यासाठीचा नोंदणी फॉर्म) भरलाय, सगळं. त्यामुळे सचिव सरांना तो माणूस खरा वाटला. पण यातली बरीच माहिती दर्पण पोर्टलवर (संस्थांच्या नोंदणीची सरकारी वेबसाइट) नाहीतर संस्थेच्या स्वतःच्या पत्रकावर असतेच, ती कोणीही उचलू शकतो. त्याने सांगितलं की कंपनीला मार्चच्या आत पैसे संपवायचेत, म्हणून घाई आहे, दोन दिवसात कळवा. मग पत्र आलं. रंगीत प्रिंट, वर एका मोठ्या कंपनीचा लोगो, खाली गोल शिक्का आणि सही कोणाची तर 'सीएसआर कमिशनर, भारत सरकार'. खाली हिशोब होता, व्हेरिफिकेशन चार्जेस 1,00,000 अधिक 18 टक्के जीएसटी, एकूण 1,18,000. जीएसटी लावलाय पण जीएसटी नंबर कुठंच नाही. खातं कंपनीचं नाही, कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं. मी हे सरांना दाखवलं पण तोपर्यंत कार्यकारिणीने ठराव करून आरटीजीएस केलेलं होतं, पोरांच्या किराण्याची ठेव मोडून. त्याचा राग मला अजून आहे, आणि तो आमच्या लोकांवर नाही, त्या माणसावर आहे, कारण पैसे कशाचे आहेत हे त्याला फोनवर सांगितलेलं होतं.

नंतर नेहमीचंच. फंड रिलीज झालाय फक्त आरबीआयची एनओसी राहिलीय, अजून 65,000 भरा. आम्ही भरले नाहीत. तेव्हा त्याने दुसरं काढलं, आणि खरं तर हे सांगायलाच मी लिहायला बसले. म्हणाला, ते जाऊ द्या, चाळीस लाख थेट तुमच्या खात्यात टाकतो, तुम्ही दहा ठेवा, तीस कॅशमध्ये परत द्या आणि चाळीसचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कामावर खर्च केल्याचा दाखला, द्या. आमच्या सीए मॅडमनी ऐकल्या ऐकल्या सांगितलं, हे केलंत तर तुम्ही फसलेले राहणार नाही, आरोपी व्हाल. खोटी बिलं तुमची, सही तुमची, उद्या इन्कम टॅक्सवाले आले की 12ए 80जी जाईल आणि धर्मादाय आयुक्तांकडे उत्तर द्यायला विश्वस्त उभे राहणार, तो माणूस नाही. आपल्या भागात असा "रिटर्न"वाला सीएसआर उघडपणे बोलला जातो, बैठकांमध्ये सुद्धा, सगळेच करतात असं सांगतात. कृपा करून याच्या नादी लागू नका.

आता कायदा काय आहे तो नीट बघा. कंपनी कायदा 2013, कलम 135. ज्या कंपनीची नेटवर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा नफा 5 कोटी किंवा त्याहून जास्त आहे तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचे. कुणाला द्यायचे हे कंपनीचं बोर्ड ठरवतं. सरकार यातून कुणाला पैसे वाटत नाही, सीएसआर कमिशनर नावाचं पदच नाही. सीएसआर-1 (2021 पासून लागतो) म्हणजे फक्त पात्रता, मंजुरी नाही. मार्चची घाई पण अर्धीच खरी, चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे कंपनी वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन वर्षं वापरू शकते आणि बाकीचे कायद्यात दिलेल्या फंडात भरायला सहा महिने असतात. अजून एक, खरी कंपनी आधी तुमचे ऑडिट रिपोर्ट मागते, काम बघायला माणूस पाठवते, सामंजस्य करार करते. आमच्याकडे वसतिगृह बघायला कोणी आलंच नाही, एकदाही कुणी विचारलं नाही की पोरं किती आहेत. आणि कायद्यातच आहे की कंपनीने आपल्या आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्यावं, म्हणून आधी बघा की त्या कंपनीचं आपल्या जिल्ह्यात काही आहे का. त्यांचा सीएसआर अहवाल वेबसाइटवर असतो, तिथला नंबर शोधून स्वतः फोन लावा, पत्रावरच्या नंबरवर नाही.

आम्ही 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली, पोलीस स्टेशनला लेखी दिलं. त्या खात्यातली थोडी रक्कम बँकेने होल्ड केलीय, ती सोडवायला अर्ज केलाय. कार्यकारिणीतल्या काहींचं म्हणणं होतं बाहेर बोलू नका, देणगीदार काय म्हणतील. उलट आम्ही देणगीदारांना पत्र लिहून कळवलं, तर दोघांनी किराण्याचे पैसे आगाऊ पाठवले. शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेला तसंच पत्र आलंय, शिक्का तोच, आकडा तेवढा वेगळा. तुमच्याकडे आलं असेल तर पत्र, पाकीट, व्हॉट्सअॅपचे मेसेज काही डिलीट करू नका, पैसे गेले नसले तरी तक्रार द्या, एकाच खात्यावर जास्त तक्रारी असल्या तर तपास हलतो असं आम्हाला सायबरच्या साहेबांनीच सांगितलंय.