व्हर्सायची ‘1789’ वॉक: राजवाड्याबाहेरचा भाग चुकवू नका

व्हर्सायला आलेले बहुतेक जण आरसेमहाल बघतात, बागेत फोटो काढतात आणि पॅरिसची गाडी पकडतात. मी जोडीला 1789 च्या फ्रेंच राज्यक्रांतीवरची, गावातली गाइडेड वॉक घेतली आणि पैसे खरे तिथेच वसूल झाले.

सुरुवात मेन्यू-प्लेझिरच्या अंगणात. 5 मे 1789 ला एस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, उमराव आणि सामान्य या तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, इथे भरली, 1614 नंतर पहिल्यांदाच. ते सभागृह कधीच पाडलंय, त्यामुळे रिकाम्या जागेत बाई काय दाखवणार, अशी शंका होती. तर गाइडबाईंनी आमचेच तीन गट पाडले: पाच धर्मगुरू, पाच उमराव, दहा सामान्य. प्रश्न टाकला, कर सगळ्यांनी भरायचा का? सामान्यांचे दहाही हात वर. दोन धर्मगुरूंना त्यांनी कानात सांगून हात वर करायला लावले. बारा विरुद्ध आठ, म्हणजे ठराव पास? छे! एका वर्गाला एकच मत, म्हणून दोन विरुद्ध एक, ठराव पडला. इलेक्शन ड्यूटीत मतमोजणीला बसलेली मी, मला हे भलतंच झोंबलं. 98 टक्क्यांच्या आसपास लोक ज्या तिसऱ्या, म्हणजे सामान्यांच्या वर्गात, त्याचे प्रतिनिधी डिसेंबर 1788 मध्ये दुप्पट केले. पण मतं डोकी मोजून की वर्गानुसार, हे अधांतरीच ठेवलं. खुर्च्या वाढवल्या, वजन तेवढंच!

त्या दोन हातांचा उलगडा पुढे झाला. सुमारे तीनशे धर्मगुरूंमध्ये दोनशेहून जास्त साधे गावचे पाद्री होते, बिशपांसारखे उमराव घराण्यातले नव्हेत. डोकी मोजली असती तर हेच पारडं फिरवणार होते. 13 जूनला पुआतूचे तीन पाद्री तिसऱ्या वर्गाकडे गेले, 17 जूनला त्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतलं आणि 20 तारखेला सभागृहाला टाळं!

मग टेनिस कोर्ट. टाळं बघून प्रतिनिधी इथेच जमले आणि राज्यघटना होईपर्यंत पांगणार नाही अशी शपथ घेतली. इथे प्रवेश फुकट, वॉक न घेताही जाता येतं. भिंतीवर चित्रकार दाविदच्या रेखाटनावरून केलेलं त्या शपथेचं भलंमोठं चित्र आहे. सगळे हात उंचावलेत. उजव्या कडेला मात्र एक जण हात छातीशी घट्ट धरून बसलाय. तो मार्तां-दोश, तिसऱ्या वर्गाचाच एक प्रतिनिधी. राजाची मंजुरी नसलेल्या निर्णयाची शपथ घेणार नाही म्हणाला. मला तो आवडला, मत पटलं नाही तरी.

आता तक्रारी. कानातले रिसीव्हर सतत खरखरत होते. शेवटी त्या काळचं एक व्यंगचित्र हातोहात फिरवलं: वाकलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पाठीवर पाद्री आणि उमराव स्वार, पायाशी ससे कोबी फस्त करतायत. शिकारीचा हक्क उमरावांचा, म्हणून सशाला हात लावायची सोय नाही. एवढं मार्मिक चित्र आणि बघायला मिनिटभरही नाही! तिसऱ्या वर्गाच्या बाकांवर शेतकरी किती, असं मी विचारलं. जवळपास कुणीच नाही, बहुतेक वकील आणि अधिकारी, असं एका वाक्यात आटपलं. पॅरिसमध्ये मतदानासाठी सहा लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) डोईपट्टी भरणं सक्तीचं होतं, हेही मला आधी वाचलेलं होतं म्हणून माहीत. त्यांनी काढलंच नाही.

पाचपैकी चार तारे. राजवाड्याचं तिकीट लागत नाही. पाऊस असेल तर छत्री घ्या, अंगणात आडोसा नाही.