वेडिंग (wading) जॅकेट, वसंताच्या हंगामानंतर: कापड उत्तम, पण बाहीवरची ती पट्टी!

फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे कृत्रिम माशी लावलेल्या गळाने मासे धरायला, नदीत उतरताना घालायचं हे जॅकेट. त्याबद्दलच्या माझ्या तक्रारीवर कंपनीचं शेवटचं उत्तर आलं. बाहीवरची वेल्क्रोची पट्टी उसवणं ही 'नेहमीच्या वापरातली झीज', सबब वॉरंटीत बसत नाही. म्हणून आता सविस्तर लिहितो. तीन थरांचं कापड, 20,000 मिलिमीटरचं वॉटरप्रूफ रेटिंग वगैरे तुम्ही वाचलंच असेल, ते पुन्हा सांगत नाही.

मुद्दा बाहीचा. साध्या रेनकोटच्या आणि या जॅकेटच्या बाहीत फरक असतो. पावसात रॉड उचलला की पाणी ओघळत मनगटात शिरतं, आणि पकडलेला मासा परत सोडायचा तर हात मनगटाच्या वरपर्यंत नदीत. वसंतातलं पाणी बर्फ वितळून आलेलं, त्यामुळे बाही घट्ट बसणं ही चैन नाही. आतलं निओप्रीनचं (ताणणाऱ्या रबराचं) मनगट हे काम चोख करतं. पण ते आवळायला बाहेरून जी पट्टी दिलीय तिचं टोक आवळल्यावर बोटभर पुढे येतं आणि वेल्क्रोची काटेरी बाजू उघडी पडते. लाइन (रॉडची जाडसर दोरी) ओढून डाव्या हातात सैल वेटोळी धरली की त्यातलं एखादं तिथे अडकतंच. लाइन सुटली तर लीडर, म्हणजे तिच्या पुढची बारीक दोरी, अडकतो. लीडरचं शेवटचं टोक म्हणजे टिपेट. 5X मापाचं टिपेट जेमतेम 0.15 मिमी जाड, ते त्या काट्यांतून गार पडलेल्या बोटांनी सोडवून बघा.

आणि हे नेमकं कधी होतं? वसंतात ऑलिव्ह माशा (ट्राउट खातो ते छोटे पाणकिडे) पाण्यातून निघतात त्या बहुधा दुपारच्या सुमारास, पाणी जरा तापल्यावर, आणि लख्ख उन्हापेक्षा ढगाळ, रिमझिमत्या दिवशी जास्त. दमट गारव्यात त्यांचे पंख वाळायला वेळ लागतो, तोवर त्या पाण्यावर तरंगत राहतात आणि ट्राउट वर येऊन एकेक टिपत बसतो. म्हणजे जॅकेट अंगात, बाही आवळलेली, समोर मासे वर येतायत, 18 नंबरची ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी इवली कृत्रिम माशी) बांधून तयार, आणि मी मनगटातून लाइन सोडवत उभा! ज्याने ही पट्टी आखली त्याने एकदा तरी पावसात लाइन ओढून पाहिली असती तर बरं झालं असतं.

कापडाबद्दल मात्र माझं मत दोनदा फिरलं. सुरुवातीला पाचपैकी चार तारे दिले असते. हंगामाच्या मध्यावर खांदे आणि बाह्या पाणी पिऊन काळपट पडायला लागल्या, आत ओल, तेव्हा दोन. ती ओल पावसाची नव्हती, घामाची होती. वरचं कापड भिजलं की आतल्या पडद्यातून वाफ बाहेर पडणं मंदावतं. पीएफएएस (जुन्या लेपातली, पाणी-तेल झटकणारी रसायनं) नसलेला नवा लेप पाणी झटकतो, पण तेलापुढे जुन्याइतका टिकत नाही, आणि वसंतातल्या उन्हात चेहऱ्याला, हातांना तेलकट सनस्क्रीन तर लावावंच लागतं. सौम्य साबणाने धुतलं, भरपूर पाण्यात खळबळलं, ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर फिरवलं, आणि थेंब पुन्हा गोळा होऊन घरंगळायला लागले. फॅब्रिक सॉफ्टनरला हात लावू नका. कापडाबद्दलची तक्रार मी मागे घेतली.

टोपी तर फारच छान निघाली. मान वळवली की सोबत वळते, बाजूचं दिसतं. जॅकेटची लांबी आखूड, त्यामुळे कमरेपर्यंत पाण्यात उतरलं तरी कड कोरडी. सकाळी ऊन, मग वारा, मग गारा, परत ऊन, अशा दिवसात चारदा काढा-घाला करावी लागते. गुंडाळून छोट्या पिशवीत बसतं हे तेव्हा कळतं. दिवसभर ऊन तापलं की संध्याकाळकडे बर्फाचं पाणी उतरतं, नदी चढते, गढूळ होते. मग जड निम्फ (पाण्याखाली बुडणारी कृत्रिम माशी) बांधून काठाच्या संथ पाण्यात खेळा किंवा सरळ बाहेर या. त्यात जॅकेटचा काही दोष नाही, चेन मात्र ओल्या हाताने ओढायला जरा जड आहे.

आता कंपनी. आधी फोटो, मग पावती, मग पुन्हा तेच फोटो 'स्पष्ट' हवेत. शेवटी नव्या मॉडेलवर सवलत. नव्या मॉडेलचा फोटो मोठा करून पाहिला: तीच पट्टी, तेच काटे. मला बोटभर पट्टी हवी होती, आख्खं जॅकेट नको होतं.

शेवटी डाव्या बाहीवरची अर्धवट उसवलेली पट्टी पूर्ण काढून टाकली आणि शिवणीची भोकं वेडर्सला (नदीत घालायच्या जलरोधक विजारीला) लावतो त्याच सीलंटने बुजवली. निओप्रीन नुसतंही पुरेसं घट्ट बसतं. मग ती पट्टी दिलीच कशाला? उजव्या बाहीची तशीच ठेवली, तिच्या उघड्या काट्यांवर जुन्या वेल्क्रोच्या मऊ बाजूचा तुकडा चिकटवला. फुकटात काम झालं, लाइन अडकायची थांबली.

साडेतीन तारे. पूर्ण किमतीला घेऊ नका. जुना साठा सवलतीत मिळाला आणि हाताशी कात्री असेल तर खुशाल घ्या. रॉड डाव्या हातात धरणाऱ्यांनी बाह्यांबद्दलचं सगळं उलटं वाचावं.