‘अनाथ’ छाव्यांच्या सेवेच्या नावाखाली झालेली आमची फसवणूक

२०२३ च्या जुलै महिन्यात मी आणि माझे पती दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांतातील एका शेतावर दोन आठवडे राहण्यासाठी गेलो होतो. आईविना उरलेल्या सिंहाच्या छाव्यांना बाटलीने दूध पाजायचे, त्यांची निगा राखायची, आणि मोठे झाल्यावर त्यांना जंगलात सोडले जाईल, असे आम्हाला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात त्या शेतावर शिकारीसाठी सिंहांची पैदास होत होती आणि छाव्यांना माणसाळवण्याचे काम आम्ही पदरचे पैसे भरून करत होतो. नवव्या दिवशी हे कळले आणि दहाव्या दिवशी आम्ही तेथून निघालो. असे कार्यक्रम आपल्याकडील निवृत्त जोडप्यांना आणि महाविद्यालयीन मुलांना आजही विकले जात असल्याने घडले ते सविस्तर लिहीत आहे.

मी साताऱ्याच्या एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले. माझे पती वीज मंडळातून निवृत्त झाले. लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसानिमित्त परदेशी जायचे ठरले, तेव्हा नुसते फिरून येण्यापेक्षा काही सेवा घडावी अशी माझीच इच्छा होती. पुण्यातील एका प्रवास सल्लागाराने हा कार्यक्रम सुचवला. दोघांचे मिळून ३,६०० डॉलर आम्ही बँकेतून थेट शेताच्या खात्यावर पाठवले आणि सल्लागाराला त्याच्या कामाचे ३५,००० रुपये वेगळे दिले. त्याच वेळी दोन गोष्टी खटकायला हव्या होत्या. एक म्हणजे, व्हिसाच्या अर्जात ‘पर्यटन’ एवढेच लिहा, स्वयंसेवेचा उल्लेख करू नका, असे सल्लागाराने बजावले होते. दुसरी म्हणजे, करारात रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही आणि शेतावरील कामकाजाविषयी बाहेर काही बोलायचे नाही, अशी दोन कलमे लागोपाठ होती. अनाथ प्राण्यांची सेवा करणाऱ्या संस्थेला मौनाचा करार कशासाठी हवा, हा प्रश्न आम्ही विचारला नाही.

शेतावर जाण्याआधी आम्ही चार दिवस क्रूगर राष्ट्रीय उद्यानात होतो. तेथील एका विश्रामतळाचे नावच ‘सतारा’ आहे. जमिनीची मोजणी करणाऱ्या पथकातील एका भारतीयाने सतरा क्रमांकाच्या तुकड्याला ‘सतरा’ म्हटले आणि ते नाव टिकले, असे सांगतात. आम्हा सातारकरांना त्याचे फार अप्रूप वाटले. हा भाग सिंहांसाठी प्रसिद्ध आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यापासून थोड्याच अंतरावर आम्ही चार सिंहिणी आणि निरनिराळ्या वयांचे सात छावे पाहिले. एका सिंहिणीला लहान-मोठे असे तीन छावे एकाच वेळी लुचत होते. कळपातील बहिणी-बहिणी एकमेकींच्या पिलांना पाजतात, त्यामुळे एखादी आई मेली तरी तिची पिले सहसा लगेच उघड्यावर पडत नाहीत, हे मी वर्गात कितीदा तरी सांगितले होते. तीन दिवसांनी शेतावर सहा ‘अनाथ’ छावे एकदम दाखवले गेले, तेव्हा मात्र ते मला आठवले नाही. त्यांच्या मऊ पंजांनी आणि उघड्या पडलेल्या बरगड्यांनी माझी विचारशक्ती थांबली होती, असेच म्हणावे लागेल.

जोहान्सबर्गहून दक्षिणेला काही तासांच्या रस्त्यावर, मक्याच्या कापून नेलेल्या शेतांच्या सपाट मुलखात ती जागा होती. जुलै हा तिकडचा हिवाळा. पहाटे गवतावर हिमकण असत आणि दुपारी तांबडी धूळ उडे. पहाटे पाचपासून दर चार तासांनी दूध, मग साफसफाई, मग वजन, असा आमचा दिनक्रम होता. शिक्षकी सवयीने मी एका वहीत प्रत्येक छाव्याचे वजन, दुधाचे प्रमाण आणि वेळ लिहीत असे. सहापैकी तीन जेमतेम तीन आठवड्यांचे होते आणि तीन सुमारे दोन महिन्यांचे. सगळ्यांनाच जुलाब होत होते, दोघांच्या पाठीवरचे केस गळत होते. दूध बदलून पाहावे असे मी सुचवले, तेव्हा व्यवस्थापक तरुणीने ‘आईने टाकलेल्या पिलांचे असेच असते’ असे उत्तर दिले. रविवारी गाड्या भरून माणसे येत आणि पैसे भरून छाव्यांना मांडीवर घेऊन छायाचित्रे काढत. झोपेला आलेल्या पिलाला गाल चोळून जागे ठेवण्याचे काम आमच्याकडे असे. गीरमध्ये वनखाते आपल्याला गाडीतून खाली उतरू देत नाही आणि येथे दोन वर्षांचे पोर सिंहाच्या पिलाची शेपटी ओढते, असे माझे पती पहिल्याच रविवारी म्हणाले होते. मी त्यांना गप्प केले.

जेवणाच्या दालनात एका भिंतीवर चौकटी लावलेली वीस-बावीस छायाचित्रे होती, जंगलात सोडलेल्या सिंहांची म्हणून. नेमके कुठल्या अभयारण्यात सोडले, असे माझ्या पतींनी विचारले, तेव्हा चोरट्या शिकाऱ्यांपासून जपण्यासाठी ठिकाण गुप्त ठेवले जाते असे सांगण्यात आले. उत्तर ऐकायला इतके जबाबदारीचे होते की आम्हाला त्याचे कौतुकच वाटले. एका छायाचित्रातील तरुण सिंहाचा डावा कान मधोमध फाटलेला होता आणि तो माझ्या विशेष लक्षात राहिला.

नवव्या दिवशी संध्याकाळी एक अमेरिकन जोडपे जेवायला आले. शेजारच्या शेतावर त्याच कुटुंबाचे शिकाऱ्यांसाठी निवासस्थान होते आणि तेथील वीज गेल्यामुळे त्यांना इकडे आणले होते. नवरा-बायको दोघेही आयुष्यभर शिकार केलेले, पण बोलायला अत्यंत सभ्य. ही त्यांची सिंहाची पहिली आणि शेवटची शिकार होती आणि तिच्यासाठी त्यांनी कित्येक वर्षे पैसे साठवले होते. गुरे मारणारा एक मोकाट रानसिंह आहे, त्याचा परवाना मिळाला आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. त्या बाईंनी मोठ्या उत्साहाने आपल्या फोनवर आलेला दरपत्रकाचा कागद मला दाखवला. त्यात सिंहांची छायाचित्रे होती आणि आयाळ जितकी दाट व काळी तितका भाव चढा. सिंहिणी सर्वांत शेवटी आणि सर्वांत स्वस्त. त्यांनी निवडलेल्या सिंहाचा डावा कान मधोमध फाटलेला होता.

मी काहीच बोलू शकले नाही. माझे पती उठले, भिंतीवरची ती चौकट काढून आणली आणि फोनशेजारी टेबलावर ठेवली. त्या बाईंनी दोन्ही चित्रे बराच वेळ पाहिली. त्यांचा नवरा शेवटी एवढेच म्हणाला की, ज्याला बाटलीने पाजले आहे तो मला पाहून पळणार नाही, जेवण आले असे समजून माझ्याकडे चालत येईल. शिकारीविषयी माझे मत चांगले नाही, पण त्या माणसाच्या चेहऱ्यावरची शरम खरी होती.

त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर तो हिशेब मांडला, जो पुण्यातच मांडायला हवा होता. सात वर्षांत शंभराहून अधिक छावे वाढवल्याचे शेताच्या माहितीपत्रकात अभिमानाने छापले होते. पाळलेला सिंह पंधरा-वीस वर्षे जगू शकतो आणि त्याला दिवसाला सरासरी सहा किलो मांस धरले, तरी वर्षाला दोन टनांहून अधिक लागते. म्हणजे शंभर सिंहांना वर्षाला दोनशे टन. शेतावर मोठे सिंह आम्ही मोजले होते ते अकरा. उरलेले कुठे गेले, याचे उत्तर त्या दरपत्रकात होते.

सकाळी पिंजरे धुणाऱ्या एका वयस्क कामगाराशी बोलले. सेसोथो भाषेत आईला ‘म्मे’ म्हणतात आणि तो मला त्याच नावाने हाक मारी. छाव्यांच्या आया कुठे आहेत, असे मी विचारले, तेव्हा त्याने टेकाडापलीकडच्या पत्र्याच्या कुंपणाकडे नुसता हात केला. आया जिवंत होत्या. जंगलातील सिंहीण पिले हाताशी येईपर्यंत, साधारण दोन वर्षे, पुन्हा वीत नाही. पण पिले काढून घेतली की ती लवकरच माजावर येते, एकशे दहा दिवसांचा गर्भकाळ पूर्ण करते आणि पुन्हा तेच. छावे मांडीवर दिसत होते, कारण ते आईपासून मुद्दाम तोडले होते.

परतल्यावर मी जे वाचले, त्यातून हे आमच्यापुरते नाही हे समजले. दक्षिण आफ्रिकेत सुमारे आठ हजार किंवा त्याहून अधिक सिंह बंदिस्त आहेत आणि त्यांतील बहुतेक फ्री स्टेट, उत्तर-पश्चिम आणि लिम्पोपो या प्रांतांत. लहानपणी छायाचित्रासाठी, किशोरवयात पर्यटकांबरोबर फिरण्यासाठी आणि आयाळ भरली की कुंपणाच्या आत बंदुकीसाठी, असा एकाच जनावराचा तीनदा पैसा होतो. त्यानंतर हाडे आशियातील औषधबाजारात जातात, ज्यासाठी त्या देशाने २०१७ मध्ये ८०० सांगाड्यांच्या निर्यातीची अधिकृत मर्यादा ठरवून दिली होती. शिकारीपूर्वी चोवीस महिने सिंहाने स्वतःचे भक्ष्य स्वतः मिळवलेले असावे, असा सरकारी नियम आला होता, पण पैदास करणारे न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयात जिंकले. मे २०२१ मध्ये सरकारनेच नेमलेल्या उच्चस्तरीय समितीचा अहवाल पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी जाहीर केला. या बंदिस्त सिंहांचा संवर्धनाला उपयोग नाही आणि छाव्यांना हाताळू देणेही बंद व्हावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आम्ही त्यानंतर दोन वर्षांनी गेलो. सल्लागाराने हा अहवाल आम्हाला सांगितला नाही हे खरे. पण तो सर्वांसाठी खुला होता आणि आम्ही शोधला नाही, हेही खरे.

त्या अमेरिकन जोडप्याला ‘रानसिंह’ का सांगितले, हेही मला नंतर कळले. बंदिस्त पैदाशीच्या सिंहाचे कातडे-मुंडके दक्षिण आफ्रिकेतून आणू द्यायचे नाही, असा निर्णय अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने २०१६ मध्ये घेतला आहे. खरे सांगितले असते तर गिऱ्हाईक आलेच नसते. ते दोघे शिकार न करता निघून गेले. करारानुसार त्यांची निम्मी आगाऊ रक्कम बुडाली. एकच सिंह एका जोडप्याला दयेच्या नावाने आणि दुसऱ्याला शौर्याच्या नावाने विकण्याचा हा धंदा आहे. मोकळ्या रानात शिकार करणारेही याला कमीपणाचे मानतात. तेथील व्यावसायिक शिकाऱ्यांच्या संघटनेने २०१५ मध्ये या प्रकाराशी संबंध तोडला आणि २०१७ मध्ये तो ठराव फिरवल्यावर अनेक सभासद बाहेर पडले.

आमचे डॉलर परत मिळालेले नाहीत. शेताने कराराचे कलम दाखवले आणि बँकेने आम्ही स्वतःहून पाठवलेली रक्कम परत आणता येणार नसल्याचे कळवले. सल्लागाराने मात्र रुपयांत शुल्क घेऊन रीतसर पावती दिली होती आणि ‘सोडून देण्यात येणाऱ्या छाव्यांचे संगोपन’ हे शब्द त्याच्या ईमेलमध्ये आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणून आम्ही साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात त्याच्याविरुद्ध तक्रार दाखल केली आहे. कोणीही अशा कार्यक्रमाला पैसे भरणार असेल, तर संपूर्ण रक्कम थेट परदेशी पाठवू नये; येथील विक्रेत्याकडून पावती आणि लेखी आश्वासन घ्यावे. तोंडी सांगितलेले आयोगापुढे सिद्ध करणे कठीण जाते.

त्याहून आधी चार गोष्टी लेखी विचाराव्यात. शेतावर पैदास होते का? प्राण्यांची खरेदी-विक्री होते का? बाहेरच्या माणसांना छावे हाताळू देतात का? आणि गेल्या पाच वर्षांत वाढवलेले प्राणी आज नेमके कुठे आहेत? खऱ्या अनाथालयात पहिल्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असते आणि चौथ्याला नोंदवही पुढे केली जाते. प्राणी तेथे आला की मरेपर्यंत तेथेच राहतो, कारण माणसाच्या हातून वाढलेल्या सिंहाला ना माणसाचे भय उरते ना कळप स्वीकारतो. ‘जंगलात सोडू’ हे आश्वासन बाटलीवरच्या छाव्यांबाबत कोणी दिले, तर तेवढ्यावरूनच माघारी फिरावे. दक्षिण आफ्रिकेतील पर्यटन व्यावसायिकांची ‘सात्सा’ ही संघटना आहे. तिने २०१९ मध्ये प्राण्यांशी जवळीक साधणारी ठिकाणे कशी पारखावीत याची मार्गदर्शिका काढली. ती वाचायला तासभरही लागत नाही.

वजनांची वही आमच्या तक्रारीला पुरावा म्हणून जोडली आहे. तिच्यातील तिसऱ्या क्रमांकाचा छावा, कपाळावर दाट ठिपके असलेला नर, पहिल्या दिवशी दोन किलो शंभर ग्रॅम होता आणि आम्ही निघालो त्या दिवशी दोन किलो आठशे. निघताना तो माझ्या ओढणीचे टोक तोंडात धरून झोपला होता आणि ते सोडवून घेताना मला दोनदा थांबावे लागले. त्याचा जन्म २०२३ च्या जूनमधला. दरपत्रकात सर्वांत कमी वयाचा नर तीन वर्षांचा होता.