फ्लॉवरहॉर्नची पिल्लं काढायची आहेत? घरच्या नराला मादी, तयार जोडी की छोटी पिल्लं

घरात एकच फ्लॉवरहॉर्न मासा, तोही नर, डोकं चांगलं फुगलेलं. दुकानदार म्हणतो, 'मादी देतो, पिल्लं काढा.' दुसरा सांगतो, तयार जोडीच घ्या. तिसऱ्याचं म्हणणं, सात-आठ छोटी पिल्लं आणून वाढवा, स्वस्तात होतं. तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण किंमत आणि डोक्याचा आकार बाजूला ठेवून आधी एकच गोष्ट विचारायची: नराकडून अंडी फळतात का?

गप्पी-मॉली पाळणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. फ्लॉवरहॉर्न मात्र निसर्गातला मासा नाही. मध्य अमेरिकेतल्या ट्रायमॅक, रेड डेव्हिल वगैरे सिक्लिड कुळातल्या माशांच्या संकरातून १९९० च्या दशकात मलेशियात तो तयार झाला. संकरामुळे वांझ नर निघतात, आणि कामफा जातीत ते फारच निघतात. झेन झू किंवा रेड ड्रॅगन या जातींत अंडी फळवणारा नर मिळण्याची शक्यता त्या मानाने बरी. गंमत अशी की दुकानात सगळ्यात महाग बहुधा कामफाच असतो.

घरच्या नराला मादी

खर्च सगळ्यात कमी, खात्री सगळ्यात कमी. नर कामफा असेल तर माझं सरळ मत: त्याला शोभेचा मासा म्हणूनच राहू द्या. झेन झू किंवा रेड ड्रॅगन असेल तर प्रयत्न करायला हरकत नाही.

मादी निवडताना डोक्यावर जाऊ नका, थोडा उंचवटा मादीलाही येतो. पाठीच्या परावर काळे ठिपके असतील तर बहुधा मादी, पण तेही दर वेळी खरं ठरत नाही. मासा हलकेच उलटा धरून पोटाखालचं छिद्र बघणं जास्त भरवशाचं: नराचं लहान आणि टोकदार, मादीचं रुंद आणि गोलसर. एक लक्षात ठेवा, मादी नराशिवायही अंडी घालते. 'माझ्याकडे अंडी दिलीत' या विक्रेत्याच्या वाक्यावरून एवढंच कळतं की ती मादी आहे.

तयार जोडी

घाई असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर हाच मार्ग. 'प्रूव्हन पेअर', म्हणजे आधी पिल्लं काढलेली जोडी, म्हणून जे विकतात, त्यात अंडी घातल्याचे फोटो दाखवतात. तुम्ही पोहणारी पिल्लं दाखवायला सांगा, आणि तीही याच नराची. जोडी का विकताय, हेही विचारा. मादी थकलेली असते, नर अंडी खाणारा असतो, किंवा खरंच जागा नसते.

शिवाय जोडी टँकबरोबर येत नाही. जुन्या घरी एकत्र राहणारे मासे नव्या टँकमध्ये पहिल्याच रात्री एकमेकांवर उठतात, आणि मार खाते ती मादी. त्यामुळे तयार जोडी घेतली तरी नर-मादीला वेगळं ठेवणारी मधली जाळी चुकत नाही.

छोटी पिल्लं वाढवणं

सुरुवातीला स्वस्त, नंतर नाही. अंडी मिळायला साधारण वर्ष लागतं. तोवर सात-आठ भांडखोर मासे, रोजचं खाणं आणि वेगवेगळे टँक. सगळी एकाच घाण्यातली घेतली तर भावंडांचीच जोडी लावावी लागते, म्हणून दोन ठिकाणांहून घ्या. फायदा एवढा की माशाचं वय, खाणं, आजारपण सगळं तुम्हाला माहीत असतं. नर फळेल का, हे मात्र इथेही वर्षानंतरच कळतं.

कुठलाही मार्ग घ्या, जाळी नीट लावा

नवशिक्या इथेच फसतो, आणि दोष नराला देतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक हवा, म्हणजे सुमारे २५० लिटर पाणी. मध्ये मोठ्या चौकोनांची प्लास्टिकची जाळी, आणि मादीच्या बाजूला जाळीला अगदी खेटून अंडी घालायला फरशीचा तुकडा. फिल्टरच्या पाण्याचा झोत नराकडून मादीकडे जायला हवा, म्हणजे नराचं वीर्य जाळीतून अंड्यांपर्यंत पोचतं. अंडी जाळीपासून लांब पडली की चांगल्या नराचीही न फळता पांढरी पडतात. म्हणून नर वांझ ठरवण्याआधी फरशीची जागा बदलून बघा. तरुण नराचे पहिले एक-दोन घाणे वाया जाणं तर नेहमीचंच.

फळलेली अंडी पारदर्शक, पिवळसर राहतात. पाणी २८ अंशांच्या आसपास असेल तर तीनेक दिवसांत फुटतात, आणि पुढच्या चार-पाच दिवसांत पिल्लं पोहायला लागतात. तेव्हा त्यांना अंड्यातून ताजा फुटलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला अगदी बारीक जीव) लागतो, चुरा केलेल्या दाण्यांवर फार जगत नाहीत. जिथे वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप आधी घ्या, मादी नंतर. विदर्भातल्या उन्हाळ्यात हीटरपेक्षा पाणी तापू न देण्याचीच काळजी जास्त.

मग घ्यायचं काय?

फ्लॉवरहॉर्नचीच पिल्लं हवी असतील तर फळल्याचा पुरावा असलेला रेड ड्रॅगन किंवा झेन झू नर घ्या, डोकं मध्यम असलं तरी चालेल, आणि त्याच्यापेक्षा थोडी लहान, निरोगी मादी वेगळी निवडा. तयार जोडीपेक्षा हे मला बरं वाटतं, कारण जोडीत महागडी गोष्ट नरच असते. अंडी-पिल्लांचा अनुभवच घ्यायचा असेल तर कन्व्हिक्ट सिक्लिडची जोडी आणा. अडीच फुटी टँक पुरतो, मातीच्या कुंडीत अंडी घालतात आणि पिल्लं स्वतःच सांभाळतात.

पैशाचा हिशेब मांडत असाल तर हेही धरा: एका वेळी शेकड्यांनी अंडी येतात, पण डोकं आणि रंग धरणारी पिल्लं मोजकीच. बाकीची दुकानदार कवडीमोलाने घेतो किंवा घेतच नाही. ती विहिरीत, तळ्यात, नदीत सोडायची नाहीत. मलेशिया आणि सिंगापूरमध्ये सोडून दिलेले फ्लॉवरहॉर्न तिथल्या पाण्यात रुजलेत, आणि ऑस्ट्रेलियात हा मासा पाळायलाच बंदी आहे. पहिल्या घाण्यातली किती पिल्लं वाढवायची, आणि उरलेली कोण घेणार, हे जाळी लावण्याआधी एखाद्या दुकानदाराशी बोलून ठरवा.