आईच्या दंडावरचा साखरेचा सेन्सर: चार सेन्सर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, ब्रँडचं नाव लिहिणार नाहीये. खाली बऱ्याच तक्रारी आहेत आणि मला कोणाशी भांडत बसायचं नाही. तसंही हे सगळे सेन्सर थोड्याफार फरकाने एकाच पद्धतीने चालतात, त्यामुळे तुम्ही कुठलाही घेणार असलात तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

वस्तू म्हणजे सीजीएम, कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटर. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा नाण्याएवढा गोल तुकडा, चौदा दिवस चालतो, दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा मोबाईलवर येतो. आईसाठी घेतला. आई ७१ वर्षांची, टाइप टू डायबेटिस होऊन सोळा वर्षं झाली, दिवसा गोळ्या आणि रात्री झोपताना लांब चालणारं इन्सुलिन. आत्तापर्यंत चार सेन्सर झाले म्हणजे जवळजवळ दोन महिने, तेव्हा पहिल्या दिवसाच्या उत्साहात लिहितेय असं नाही.

लावायला सोपा आहे, अगदी खरंच. ॲप्लिकेटर दंडावर टेकवून दाबला की खट्कन आवाज येतो, आणि आई डोळे मिटून बसली होती तिने विचारलं "कधी लावणार आहेस?" तोवर लागून झाला होता. सुई आत राहत नाही, ती परत ॲप्लिकेटरमध्ये जाते, कातडीखाली राहते ती फक्त केसासारखी बारीक लवचिक तार. मग एक तास वॉर्म-अप आणि मग आकडे सुरू. दिवसाला २८८ आकडे. याआधी आमच्याकडे दिवसाला एक असायचा, सकाळी उठल्यावर बोटाला टोचून काढलेला, आणि तो वहीत लिहून ठेवायचा.

पहिली रात्र मात्र विसरणार नाही. पावणेतीनला दोघींचे मोबाईल एकदम किंचाळायला लागले, ५८, म्हणजे साखर फारच खाली! काळजात धस्स झालं, धावत तिच्या खोलीत गेले, दिवा लावला, तर बाई गाढ झोपलेल्या, घाम नाही काही नाही. बोटाला टोचून बघितलं तर १०४. ती डाव्या कुशीवर झोपते आणि सेन्सर डाव्या दंडावर, दंड दाबला गेला की तिथल्या पेशींभोवतीचं द्रव इकडेतिकडे होतं आणि सेन्सरला वाटतं साखर पडली. याला कंप्रेशन लो म्हणतात आणि ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, पण बॉक्सवर ती कुठेही ठळक लिहिलेली नाही, माहितीपत्रकात आत कुठेतरी बारीक अक्षरात होती ती मला दुसऱ्या दिवशी सापडली. दुसऱ्या सेन्सरपासून उजवा दंड. तेव्हापासून असले फुकटचे अलार्म जवळजवळ बंद.

इथेच एक गोष्ट समजून घ्या, कारण ती नाही समजली तर या वस्तूचा नुसता ताप होईल. सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही. तो मोजतो कातडीखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातली, आणि तिथे साखर रक्तापेक्षा साधारण पाच ते दहा मिनिटं उशिरा पोचते. साखर स्थिर असेल तर फरक कळतही नाही. पण भराभर चढत किंवा उतरत असेल तेव्हा सेन्सर मागून चालत येतो. हे आम्ही धडा घेऊन शिकलो: एकदा संध्याकाळी फिरून आल्यावर आईला थरथरल्यासारखं झालं, सेन्सर ६६ आणि स्क्रीनवरचा बाण सरळ खाली, म्हणजे साखर भराभर उतरतेय, नियमाप्रमाणे १५ ग्रॅम ग्लुकोज दिलं, पंधरा मिनिटं थांबायचं असतं ते थांबलो, तरी सेन्सर ६१ म्हणतोय म्हणून मी घाबरून परत तेवढंच दिलं, आणि तासाभराने साखर २४० वर. बोटाला टोचलं असतं तर कळलं असतं की पहिल्याच डोसने ती वर यायला लागली होती. म्हणून जुनं ग्लुकोमीटर फेकू नका. अंगात जाणवतंय एक आणि स्क्रीन म्हणतेय दुसरं, असं झालं की बोटच खरं.

हे झालं रडगाणं. आता ज्या एका गोष्टीसाठी मी हा सेन्सर कोणालाही सुचवेन ती सांगते.

आईची सकाळची साखर गेलं वर्षभर १०५ ते ११५. वही बघून सगळे खूश, मी खूश, डॉक्टर खूश, "अशीच ठेवा" वगैरे. पहिल्या चौदा दिवसांचा रिपोर्ट निघाला त्यात सगळे दिवस एकावर एक ठेवून एकच चोवीस तासांचा आलेख काढतात, त्यावर पहाटे तीन ते पाचमध्ये एक खड्डा होता. एका रात्रीचा नाही, आठवड्यातून तीन-चार रात्रींचा. आता कंप्रेशनवाला अनुभव ताजा होता म्हणून मला वाटलं हेही तेच, म्हणून दोन रात्री गजर लावून उठले आणि बोटाला टोचलं. ६६ आणि ६३. म्हणजे खड्डा खरा होता. त्या रात्रींना पहाटे साखर खाली जात होती आणि सात वाजेपर्यंत आपोआप वर येऊन आमच्या वहीत शहाण्यासारखी १०८ बनून बसत होती. तिचं सकाळचं डोकं दुखणं आम्ही उशीवर, चष्म्यावर, वयावर ढकलत आलो होतो.

एचबीएवनसीमध्येही हे दिसलं नसतं. ती टेस्ट साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, ७ आली म्हणजे सरासरी १५४ च्या आसपास. पण रात्रीचे ६० आणि दुपारचे २४० मिळूनही छान सरासरी निघते की.

आता ॲप. ॲपवर माझा खरा राग आहे.

ॲपमध्ये टाइम इन रेंज म्हणून एक आकडा असतो, दिवसातला किती टक्के वेळ साखर ७० ते १८० च्या मध्ये होती तो. आईचा पहिला रिपोर्ट ६१ टक्के. ॲपने लगेच टार्गेट ७०, तुम्ही मागे आहात, असं नारिंगी रंगात दाखवलं. आणि ७० च्या खाली होती ३ टक्के वेळ, त्याला मात्र हिरवा रंग, कारण मर्यादा ४ टक्के. आई म्हणाली, "म्हणजे मी फर्स्ट क्लास हुकले." मग आम्ही तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी ६१ कडे ढुंकूनही बघितलं नाही. बोट ठेवलं ते नेमकं त्या हिरव्या ३ टक्क्यांवर. २०१९ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून ही टार्गेट्स ठरवली तेव्हाच वयस्कर आणि नाजूक पेशंटसाठी वेगळी लिहून ठेवली आहेत, म्हणजे रेंजमध्ये ५० टक्क्यांच्या वर असलं की पुरे, पण ७० च्या खाली १ टक्क्यापेक्षा कमी. एक टक्का म्हणजे दिवसाला पंधरा मिनिटं सुद्धा नाहीत. आई रोजची सरासरी पाऊण तास खाली होती. या वयात रात्री साखर पडून माणूस बाथरूमला जाताना कोसळला तर काय होतं ते ज्यांच्या घरात झालंय त्यांना विचारा.

त्यांनी रात्रीचं इन्सुलिन कमी केलं. (हे वाचून आपापलं कमी करू नका, प्लीज.) पुढच्या रिपोर्टमध्ये टाइम इन रेंज ६१ वरून ५७ वर आला आणि खालचा वेळ १ टक्क्याच्या आत. ॲपच्या हिशोबाने आई आणखी मागे गेली. आणि ती आता सकाळी डोकं न दुखता उठते.

माझं म्हणणं एवढंच आहे, ॲपने पहिल्याच दिवशी जन्मतारीख विचारली होती. ईमेल विचारला, मोबाईल नंबर विचारला, लोकेशनची परवानगी मागितली. मग त्या जन्मतारखेचं केलं काय? ७१ वर्षांच्या बाईला आणि तिशीतल्या पोराला एकच टार्गेट दाखवायचं असेल तर विचारता कशाला! टार्गेट बदलता येतं म्हणे, पण ते सेटिंगमध्ये इतकं खोल पुरलंय की मला शोधायला अर्धा तास लागला, आईला तर जन्मात सापडलं नसतं.

अलार्मचंही तसंच. वरचा अलार्म आपोआप १८० ला लावलेला होता, म्हणजे रोज जेवल्यावर बोंब. चौथ्या दिवशी आईने मोबाईल उशीखाली दाबून ठेवला आणि खरा अलार्म वाजला तेव्हा कोणाला ऐकूच आला नाही. आम्ही वरचा २५० वर नेला, खालचा ७० ठेवला. घेतल्या घेतल्या हे पहिलं काम करा, आकडे डॉक्टरांना विचारून.

शेअरिंग चांगलं आहे, माझ्या मोबाईलवर ऑफिसमध्ये तिचे आकडे दिसतात. या सोयीमागे एक गंमत आहे. १९९९ साली अमेरिकेत पहिल्या सेन्सरला मंजुरी मिळाली तेव्हा तो तीन दिवस लावून फिरायचं आणि आकडे पेशंटला दिसायचेच नाहीत, नंतर डॉक्टरांकडे कॉम्प्युटरला जोडून बघायचे. आणि २०१३ मध्ये जॉन कॉस्टिक नावाच्या एका बापाने टाइप वन असलेल्या आपल्या लहान मुलाचे आकडे सेन्सरच्या रिसीव्हरमधून स्वतः कोड लिहून बाहेर काढले आणि इंटरनेटवर चढवले, मुलगा नजरेआड असताना बघता यावे म्हणून. त्यातून नाइटस्काउट नावाची, सेन्सरचे आकडे दुरून बघायची व्यवस्था उभी राहिली, बाकीच्या आईबापांनी ती फुकट वापरली, वाढवली. म्हणजे जे आज मी एका बटणावर बघते ते आधी वैतागलेल्या पालकांनी करून दाखवलंय.

पण पोरावर नजर ठेवणं वेगळं आणि आईवर ठेवणं वेगळं. पहिले दोन आठवडे मी मीटिंगमधून फोन करायचे, १९८ दिसतंय, काय खाल्लंस, फिरून ये. एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "तू फोन मला करतेस का माझ्या साखरेला?" आणि त्यानंतर दुपारी एक ते चार सिग्नल गायब. दोन दिवस मी ॲपला शिव्या देत होते, मग कळलं की बाईसाहेब मोबाईल हॉलमध्ये ठेवून मागच्या खोलीत जाऊन बसतात, कारण ब्लूटूथ तिथवर पोचत नाही हे तिने स्वतःच शोधून काढलं होतं. आता तह झालाय. मला फक्त ५५ च्या खालचा अलार्म येतो, बाकी आलेख तिचा, तिने दाखवला तर मी बघायचा.

बारीकसारीक तक्रारी: तिसरा सेन्सर नवव्या दिवशी टॉवेलला अडकून निघाला. कस्टमर केअरने बदलून दिला पण आधी बॉक्सवरचा सिरीयल नंबर मागितला, बॉक्स केव्हाच कचऱ्यात, मग ॲपच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून तो नंबर काढला. बॉक्स चौदा दिवस जपून ठेवा. चिकटपट्टीने खाज येते, जागा बदलत राहिलं की कमी होते. एमआरआय काढायचा असेल तर आमचा सेन्सर आधी काढावा लागतो. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्यांनी काही सेन्सरचे आकडे खोटे चढतात, तुमच्या सेन्सरच्या माहितीपत्रकात बघून घ्या. आणि दर पंधरवड्याला एवढा मोठा प्लास्टिकचा ॲप्लिकेटर फेकायचा, ते बघून जीव तुटतो.

कोणीतरी विचारेलच म्हणून, सुई न टोचता साखर दाखवणारं घड्याळ किंवा अंगठी घेऊ नका. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की असं एकही उपकरण त्यांनी मंजूर केलेलं नाही. सेन्सरचे आकडे घड्याळावर बघणं ही वेगळी गोष्ट. आणि डायबेटिस नसताना हौस म्हणून सेन्सर लावणाऱ्यांबद्दल मला फार काही म्हणायचं नाही, पण जेवल्यावर साखर थोडी चढतेच हो, तिचा आलेख बघून झोप उडवून घेऊ नका.

सेन्सरला साडेचार स्टार. ॲपला दोन, तेही रिपोर्टची पीडीएफ नीट निघते म्हणून. इन्सुलिन घेणारं वयस्कर माणूस घरात असेल तर कायमचा नको वाटला तरी एकदा चौदा दिवस लावून बघाच, आणि रिपोर्टमध्ये रंगांकडे न बघता आधी पहाटेचा भाग बघा. आमचा पाचवा रविवारी लागणार, परत उजव्याच दंडावर, यावेळी आई म्हणतेय मी स्वतः लावून बघते.