सीकॅश : कामसू, फुकट, पण '-जी' दिसला की हटून बसणारा

सीकॅश (ccache) म्हणजे सी आणि सी++ कोड कंपाइल केल्याचे निकाल साठवून ठेवणारा प्रोग्रॅम. त्यामुळे कंपाइलर, म्हणजे सोर्स कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, वेगवान होत नाही. एकदा केलेलं काम सीकॅश पुन्हा करू देत नाही, इतकंच. सोर्स, हेडर, फ्लॅग ('-जी'सारख्या कंपाइलरला दिलेल्या सूचना) आणि कंपाइलर यांचा मिळून हॅश, म्हणजे ओळख पटवणारा ठसा, काढायचा, तो ओळखीचा निघाला की जुनी ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला तुकडा) समोर ठेवायची. ॲंड्र्यू ट्रिजेलनी सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आज जोएल रोसडाल सांभाळतात. फोंड्याच्या लॅबमधलं जुनं यंत्र असो की वेर्ण्याच्या ऑफिसातलं नवं, सी++वाल्यांनी ते बसवावंच.

त्याआधी सीमेकचा, म्हणजे बिल्डची मांडणी करणाऱ्या साधनाचा, बिल्ड टाइप बघा. पुष्कळ जण 'रेलविथडेबइन्फो' निवडून मोकळे होतात. त्यात '-ओ२' आणि '-जी' दोन्ही येतात, म्हणजे ऑप्टिमायझरची मेहनतही आणि डीबग माहितीचं ओझंही. वर असर्ट (कोडमधल्या तपासण्या) बंद होतात ते वेगळंच. रोजच्या कामाला '-ओ०' (ऑप्टिमायझेशन नाही) किंवा '-ओजी' (डीबगिंगला सोयीचं तेवढंच) पुरतो. क्रॅशचा बॅकट्रेस (कुठून कुठे कॉल होत गेले त्याची यादी) तेवढा हवा असेल तर '-जी१' घ्या. त्यात लोकल व्हेरिएबल दिसत नाहीत, पण फाइली सडसडीत राहतात. वेळ नक्की कुठे जातो ते जीसीसी या कंपाइलरचा '-एफटाइम-रिपोर्ट' सांगतो. पार्सिंगचा आकडा मोठा असेल तर दोष हेडर-टेम्प्लेटांचा, तिथे '-ओ' कमी करून फारसं हाती लागत नाही.

जोडणी सोपी आहे: सीमेकला 'सीमेक_सीएक्सएक्स_कंपाइलर_लाँचर' म्हणून सीकॅश द्यायचा. पहिला बिल्ड किंचित हळूच होतो, कारण हॅश काढायचं काम वाढलेलं असतं. खरा फायदा दिसतो तो क्लीन करून पुन्हा बिल्ड केल्यावर, किंवा ब्रँच बदलून परत आल्यावर. पावसाळ्यात ऐन कंपाइलमध्ये वीज गेली आणि अर्धवट ऑब्जेक्ट फाइल मागे राहिली, तर बिल्ड चालवणारा मेक तिला पूर्ण समजतो आणि ऑब्जेक्ट फाइली जोडणारा लिंकर भलतंच ओरडतो. मग क्लीन करण्यावाचून गत्यंतर नसतं. अशा वेळी आधी झालेल्या फाइली कॅशमधून भराभर परत येतात.

आता हट्टाबद्दल. '-जी' लावलं की चालू डिरेक्टरीचा पत्ताही हॅशमध्ये जातो, कारण डीबग माहितीत तो लिहिलेला असतो. त्यामुळे तोच कोड दोन फोल्डरांत क्लोन केला की एकही हिट नाही, म्हणजे कॅशमध्ये जुनी फाइल सापडतच नाही. लॅबमध्ये प्रत्येकाचं होम वेगळं, म्हणून सामायिक कॅश ठेवूनही आकडा शून्यावरच. उपाय दोन. सीकॅशचं 'बेस_डिर' ठरवून कंपाइलरला '-एफडीबग-प्रिफिक्स-मॅप' द्यायचा. हा नीटस मार्ग. किंवा सीकॅशचं 'हॅश_डिर' सरळ फॉल्स करायचं. मग हिट मिळतात, पण जीडीबी हा डीबगर दुसऱ्याच्या फोल्डरात सोर्स शोधत बसतो. सामायिक कॅशला 'उमास्क' ००२ ठेवा (म्हणजे गटातल्या इतरांनाही त्यात लिहिता येतं) आणि 'कंपाइलर_चेक' कंटेंटवर, म्हणजे कंपाइलरच्या तारखेऐवजी त्याच्या मजकुरावर, न्या, नाहीतर प्रत्येक यंत्रावरच्या जीसीसीच्या तारखेपायी कॅश वाया जाईल.

लिंकिंगला सीकॅश हात लावत नाही. '-जी'मुळे फुगलेल्या ऑब्जेक्ट फाइली ८ जीबी रॅममध्ये लिंक होताना स्वॅप सुरू झाला, तर दोष सीकॅशचा नव्हे. तिथे '-जीस्प्लिट-ड्वार्फ' लावा, त्याने बरीचशी डीबग माहिती लिंकरपासून बाजूला राहते. किंवा लिंकर म्हणून मोल्ड वापरा. '-एफएलटीओ' चालू असेल तर सीकॅशकडून अपेक्षाच नको. ऑप्टिमायझेशनचं जड काम तिथे लिंकच्या वेळी होतं, आणि ते दरवेळी नव्यानेच होतं. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरबरोबर '/झेडआय' चालत नाही, '/झेड७' द्यावा लागतो.

कॅशची मूळची ५ जीबीची मर्यादा डीबग बिल्डांना अपुरी पडते. भरली की जुन्या नोंदी गुपचूप उडतात आणि हिट का घटले ते कळत नाही. '--झिरो-स्टॅट्स' करून दोन दिवस काम करा, मग '--शो-स्टॅट्स' पाहा. क्लीनअपचा आकडा वाढत असेल तर '--मॅक्स-साइझ' २० जीबी करा. २५६ जीबीची एसएसडी असलेल्यांनी १० वर भागवावं.