लिस्टिंगसाठी 'ओपन फाइल' मागणाऱ्यांपासून सावध!

पुण्यातल्या वाड्यांची जलरंगातली चित्रं मी काढते आणि त्यांचे प्रिंट ऑनलाइन विकते. पावसाळ्यात एकाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला: "मॅडम, तुमच्या दुकानात एकच साइझ दिसते. आम्ही प्रत्येक चित्र ए४, ए३, ए२ मध्ये लावून देतो." बोलणं अदबशीर, भाव वाजवी, अर्धे पैसे आगाऊ. आणि "साइझिंगसाठी ३०० डीपीआयची ओपन फाइल लागेलच." म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांची, छपाईच्या दर्जाची मूळ फाइल.

खरी मेख इथेच आहे. वेबसाइटवर दाखवायला लांब बाजू १२०० पिक्सेल असली की भागतं. तेवढ्यातून ३०० डीपीआयवर जेमतेम ४ इंची चित्र छापता येतं, चोराच्या काही कामाचं नाही. १२ बाय १८ इंची चित्राची छपाईची फाइल मात्र ३६०० बाय ५४०० पिक्सेलची. ती हातात दिली की विषय संपला.

मी ती दिली. दोन-चार लिस्टिंग, म्हणजे दुकानातली चित्रांच्या विक्रीची पानं, लागली, मग फोन बंद. पुढे मावसबहिणीने एक लिंक पाठवली: "ताई, हे तुझंच ना? एवढं स्वस्त?" बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा, माझाच, पण दुकान भलत्याचंच. आणि सही गायब!

सही खोडलेली नव्हती, कापलेली होती. माझ्या चित्राचं प्रमाण २:३. ए३ म्हणजे २९७ बाय ४२० मिमी. रुंदी तशीच ठेवून तो कागद भरायचा तर उंचीतून साधारण १ इंच जातो. या पठ्ठ्याने तो सगळा खालूनच उडवला. सरळ माणूस दोन्ही बाजूंना पांढरी कड सोडतो, निदान विचारतो तरी.

चोरीचा पुरावाही त्यातूनच मिळाला. मूळ स्कॅन आणि कापलेलं चित्र शेजारीशेजारी लावून त्या वेबसाइटकडे तक्रार केली. कॉपीराइटची नोंदणी केली नव्हती, पण १९५७ च्या कायद्याने ती सक्तीची नाही. चित्र काढलं की हक्क चित्रकाराचा. लिस्टिंग उतरलं. काही दिवसांनी तेच चित्र दुसऱ्या नावाच्या दुकानात!

आगाऊ दिलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर ते समोरच्या खात्यात अडवता येतात. माझे तोवर केव्हाच पुढे सरकले होते.

आता साइझ अप्पा बळवंत चौकातल्या ओळखीच्या डीटीपीवाल्याकडे, शेजारी बसून करून घेते. सही कडेपासून चांगली दोन इंच आत, वाड्याच्या खांबाला टेकवून. ती कापायची तर खांबही कापावा लागेल.